वाढून दिलेला बैल

सूर्यमाळ,
१९ डिसेंबर २०२४

देवा,

नाकावर राग घेऊन गेलास तो गेलास, पण फोन तरी उचलायचा. पहिले दोन-तीन दिवस नुसता वाजत होता, आता बंद लागतो. आपल्या पाड्यातला गोरख ज्या वीटभट्टीवर आहे तिथल्या मुकादमाला फोन केला, गोरखकडे कुठला फोन. म्हटलं, माझा भाऊ देवानंद पोचला का? तर म्हणाला, "सगळे कामावर हायेत," आणि ठेवून दिला. परत केला तर उचलत नाही. म्हणून हे पत्र. ढवळूकाकांची सून उद्या भिवंडीकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. गोरखला वाचायला लावू नकोस, तूच वाच. माझ्या हातचा मार खाऊन वाचायला शिकलास, तो काही उगाच नव्हता.

आधी आईचं गाऱ्हाणं. जाताना तू विहिरीचा दोर नेलास. पहाटे पिशवी खांद्याला आणि दोर गळ्यात घालून निघालेला तिनं बघितला तुला. भट्टीवर दोर कशाला लागतो हे तिला कळत नाही, मलाही नाही. सध्या ती दोन जुने तुकडे गाठ मारून पाणी काढते आणि दर बादलीला तुझा उद्धार करते. पाणी अजून वर आहे म्हणून निभतंय. उन्हाळ्यात तो तुकडा तळाला पोचायचा नाही. तेव्हा येताना दोर आण.

दुसरं, दाभोशाहून रुपीचा बाप येऊन गेला. लग्नाची तारीख धरायची म्हणत होता. आईनं सांगितलं, शिमग्याला पोरगा येईल, तेव्हा बसून ठरवू. रुपीनं तुला काही पाठवलंय, पानात गुंडाळलेलं. मी उघडलं नाही. माझ्यावर विश्वास ठेव, नाहीतर नको ठेवू.

आता बैलाचं.

चार माणसांत मी तुझा अपमान केला असं तू मनात धरलं असशील. केलाच. पण बघ ना तू काय करून ठेवलंस. मी दोन वर्षं या डोंगरात तरसांचा गू गोळा करत फिरते. पाड्यातली पोरं मला गूवाली बाई म्हणतात, त्यांच्या आया हसतात, तरी फिरते. कशासाठी? तर तरस आपल्या मनानं काय खातो आणि त्यानं त्याच्या पोटातले जिवाणू कसे बदलतात हे बघायला. आणि तू काय केलंस? ढवळूकाकांचा म्हातारा बैल मेला, तो ओहोळात टाकायचा सोडून सोम्याला घेऊन दोर बांधून ओढत कड्यावर नेलास, तरसांच्या गुहेच्या तोंडाशी. का, तर बायला, म्हणजे मला, गू कमी पडतो.

आठवडाभर मी खुशीत होते. रोज ताजे नमुने. मॅडमना फोन करून सांगितलं, या पुण्याहून, असं कधी मिळालं नव्हतं. त्या आल्या, प्रयोगशाळेतला तबिश आला, आणि त्यांच्यासमोर गुहेपाशी लावलेल्या कॅमेऱ्यातले फोटो उघडले तर तरसाच्या मागे शिंग. आणि तू बाजूला उभा राहून हसत होतास. "तुलाच तं पायजे व्हता ना, बाय? मिलाला का नाय?"

अरे, मी तरसाला विचारायला आले होते की तू काय जेवतोस. तू त्याला पाटावर बसवून वाढलंस. मग मी काय लिहू, की मोखाड्याचे तरस बैल खातात, माझ्या भावानं वाढला तर?

तुला अडाणी म्हणाले ते चुकलं. ते मागे घेते. उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणाले तेही जरा रागातच. बाकीचं सगळं बरोबर होतं आणि ते मी मागे घेणार नाही.

त्याच दिवशी तिरीमिरीत कॅमेराही काढून आणला. काल परत वर गेले होते, तर बैल जागेवर नाही. निम्मा तरी उरला होता, पण आता ना हाडं ना शिंगं. तरसांनीच ओढून आत नेला असेल. सुटले. गुहेच्या वर तो सपाट कातळ आहे ना, जिथं ते नेहमी बसतात, तिथं एक नमुना मिळाला. एवढा ताजा या हंगामात नव्हता मिळाला. करवंदीच्या जाळीत हात घालावा लागला, उजव्या हाताचा मोजा काट्यानं फाटला, पण सोडला नाही. बर्फाच्या डब्यात घालून आणला. सवयीनं मागे वळून म्हटलं, "देवा, डबा दे." तू नव्हतास.

शहाणा असशील तर फोन कर.

जया


पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

देवा,

अजून फुगलेलाच आहेस का? बापावर गेलायस. तो एकदा दोन पावसाळे काकाशी बोलला नव्हता, आणि कारण काय ते दोघंही विसरले होते.

आईला म्हटलं, मीच भट्टीवर जाऊन बघून येते. तर म्हणाली, जाऊ नको, तुझ्यावर रुसलाय आणि तुला बघून अजून लांब जाईल. सोम्यालाही विचारलं, तू जाताना त्याला काही बोलला होतास का. तो म्हणतो, आदल्या दिवशी एवढंच म्हणाला होतास की बायचं काम सरळ करतो आणि जातो. कुठलं काम ते सोम्याला माहीत नाही.

तुला एक चांगली बातमी. अभ्यास वाचला. बैल गेला त्यानंतरचे, जानेवारीचे सगळे नमुने चांगले निघाले. बैलाचा मागमूस नाही. ससा आहे, उंदीर आहे, खेकडे आहेत, पाड्यातली कुत्री आणि कोंबड्या आहेत. तरसांनी तुझं ताट आपण होऊन संपवलं आणि माझी नोकरी राखली. मॅडम म्हणाल्या, डिसेंबरचा तो आठवडा तेवढा वगळू, बाकी ठीक आहे. तेव्हा आता मीही राग सोडते. तूही सोड.

इथे प्रयोगशाळेत काय चालतं ते तू मला कधी विचारलं नाहीस. नुसता म्हणायचास, पुण्याला नेऊन त्याचं लोणचं घालता काय. तर ऐक. गूमधून दोन गोष्टी वाचतो आम्ही. एक, त्यात कुणाकुणाचं मांस आहे. ते डीएनएवरून कळतं, प्रत्येक जनावराची खूण वेगळी. दुसरी, तरसाच्या पोटात कुठले जिवाणू वाढलेत. मांस भरपूर खाल्लं की एक जमात माजते, उपाशी राहिला की दुसरी. जमिनीत काय पेरलं ते तणावरून ओळखावं, तसं. दोन्ही ताडून बघायचं, म्हणजे चूक राहत नाही.

आणि आमची एक रीत आहे. माणसाची खूण आली की ती वाचायच्या आधीच टाकून द्यायची. संगणकच टाकतो. कारण आपलेच हात लागलेले असतात, आपलाच श्वास पडलेला असतो. माणूस म्हणजे कचरा, असं तबिश म्हणतो. तबिश म्हणजे तोच, जव्हारच्या गुलामचाचांचा मुलगा. आपला दोर त्यांच्याच दुकानातला.

तर झालं काय, माझ्या त्या आवडत्या नमुन्यात, कातळावरच्या, काहीच निघालं नाही. बैल नाही, कुत्रं नाही, उंदीर नाही. ताट रिकामं. मॅडम म्हणाल्या, नमुना फसला असेल. पण जिवाणू बघितले तर ते सांगतात की तरस पोट फुटेस्तोवर मांस जेवलाय. मला काही सुचेना. तबिशला म्हटलं, संगणकानं काय टाकून दिलं ते तरी उघड.

त्यानं उघडलं. सगळा माणूसच होता.

मग आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या खुणा ठेवलेल्या असतात, कुणाचा हात लागला ते धरायला, त्यांच्याशी ताडलं. माझीच निघाली. अक्षर न् अक्षर माझी. फाटलेला मोजा. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "जयश्री, तरसानं तुला खाल्लं की काय?" मग मला सगळ्यांना वडापाव खायला घालावा लागला. मीही हसले.

एवढंच. हात लागला तर कचरा किती येतो आणि त्यात किती आला, ते मी विचारत बसले नाही.

आईला मध्यंतरी ताप आला होता, आता बरी आहे. तिला वाटतं तू रागानं नाही, लाजेनं फोन करत नाहीस. मला काय वाटतं ते जाऊ दे. देवा, मुकादमाच्या नाही तर कुणाच्याही फोनवरून एकदा कर. बोलू नकोस हवं तर. नुसता कर.

जया


सूर्यमाळ,
१६ मार्च २०२५

देवा,

गोरख शिमग्याला आला. पत्रं घेऊन आला. दोन्ही तशीच, डिंकसुद्धा न उकललेला. ओसरीवर बसून त्यानं ती माझ्या हातात दिली.

"तो अजून आलाच नाय बाय. मना वाटला, आज येल, उद्या येल. तं ठेवली मी चांगली, डब्यात."

मी मुकादमाचं बोलणं सांगितलं. गोरख म्हणाला, तो सगळ्यांनाच तसं सांगतो.

आई आत भाकरी थापत होती. थाप थांबली नाही. बाहेर येऊन गोरखला म्हणाली, "मंग बोटीवर गेला आसंल, डहाणूकडं. तिकडं फोन नाय लागत." आणि त्याला पाणी दिलं. होळीच्या रात्री तिनं एक भाकरी तव्याखाली झाकून ठेवली होती. सकाळी ती कुत्र्याला घातली, आणि काल परत ठेवली.

रुपीचा बाप आला होता. चांगला माणूस आहे, चढ्या आवाजात बोलला नाही. एवढंच म्हणाला, पोरीला किती दिवस बसवू? आई म्हणाली, थांबा, येईल तो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, मी काहीतरी बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी उठून गोठ्यात गेले. रुपी तिकडे वाट बघतेय, आणि आई जोवर येईल म्हणतेय तोवर तिला बघावीच लागणार.

मोखाड्याला जाऊन पोलिसांत हरवल्याची नोंद केली. हवालदारानं विचारलं, "घरातलं शेवटचं कोण बोललं त्याच्याशी?" मी म्हटलं, मी. "काय बोललात?" मी सांगितलं, कामावर येऊ नको म्हणाले. त्यानं तेवढं लिहून घेतलं.

आता तुला एक सांगायचं राहिलंय. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. तेव्हा समजत होते की ते तू वाचशील, आणि जित्याजागत्या भावाला असलं कोण लिहितं?

आम्ही जी खूण वाचतो ती आईकडून येते. आई ती सगळ्या पोरांना सारखीच देते, मुलगी असो की मुलगा. बापाचा त्यात वाटा नसतो. म्हणजे त्या खुणेपुरते तू आणि मी एकच. यंत्रापुढं तुला ठेवलं काय आणि मला ठेवलं काय, ते जयश्रीच म्हणणार. हे मला वडापाव खाताना माहीत होतं. त्या खोलीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं, ते तर आमचं रोजचं काम. पण त्यांना माझा भाऊ कुठंय ते माहीत नव्हतं. आणि मला वाटत होतं, तू भट्टीवर आहेस.

फाटका मोजा खरा आहे. काट्यानं बोटही ओरखडलं होतं. हात माझा असू शकतो. तसाच असेल. अजून एक तपासणी असते, ती पुरुषाचीच खूण दाखवते. बाईचा हात लागला असेल तर त्यात काही उमटत नाही. रिकामी यायला हवी. तबिशला सांगणार आहे.

रिकामी आली की मी डहाणूला येईन आणि बोटीबोटीवर जाऊन तुझं नाव घेऊन ओरडेन. तिथल्या लोकांसमोर तुझी लाज काढेन. तेव्हा मला अडाणी म्हण.

जया


पुणे,
४ एप्रिल २०२५

देवा,

रिकामी आली नाही.

तबिशनं दोनदा केली. एकदा मी शेजारी उभी असताना आणि एकदा मला बाहेर बसवून, म्हणजे माझा हातही लागायला नको, नजरही लागायला नको. मग स्वतःची खूण लावून बघितली, ती जुळली नाही. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि चहा आणायला गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा चहा नव्हता.

मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, तू, बैल, भट्टी, आईची खूण, पुरुषाची खूण. मॅडमनी दार लावलं आणि मला पाणी दिलं. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "पुरुषाचा अंश कुठूनही येतो. जीपवाला असतो, वनरक्षक असतो, डबा धुणारा असतो. आईकडची खूण तुझी, आणि ही दुसऱ्याच कुणाची. दोन हात लागलेले आहेत, जयश्री. विज्ञान एवढंच म्हणतं."

मी म्हटलं, "मॅडम, आणि पोट भरलं होतं ते?"

त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाल्या, "घरी जा. आईजवळ राहा थोडे दिवस." आणि त्या नमुन्यासमोर खराब असं लिहिलं.

खरं तर त्यांनी माझ्यावर दयाच केली. खराब ठरला तर कुणी पुन्हा उघडणार नाही, कुठं छापून येणार नाही, तरसांच्या मागे कुणी बंदूक घेऊन लागणार नाही. पण खराब नमुने लाल पिशवीत जातात आणि आठवड्याची गाडी आली की जाळायला जातात. काल गाडीचा दिवस होता. पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. मी ती सोडली. कुपी बोटाएवढी आहे, तळाला थोडंसं उरलंय, बाकी आम्हीच तपासण्यांत संपवलं. तबिश मागे आला. मला वाटलं अडवेल. त्यानं बर्फाचा छोटा डबा माझ्यापुढे केला.

"जव्हारपर्यंत मी येतो," म्हणाला. "पुढे तुमचं तुम्ही."

तुला मी काय काय लिहिलं होतं ते आठवून बघतेय. तरसांनी आपण होऊन ताट संपवलं. माझी नोकरी राखली. असं लिहिलं होतं मी. आणि सोम्याला तू म्हणालास, बायचं काम सरळ करतो. दोन महिने मला ते ऐकू आलं नाही.

खोलीवर एकटी असले की मला तू भिंतीपलीकडे बसल्यासारखा वाटतोस. घाबरवत नाहीस. पूर्वी मी अभ्यास करताना ओसरीवर बसायचास तसा, कधी बाहेर येते त्याची वाट बघत. मी पान उलटलं की तूही कूस बदलतोस. एकदा मी विचारलंही, देवा, तू आहेस का? उत्तर आलं नाही म्हणून बरं वाटलं, आणि मग खूप रडले.

आईला कसं सांगू?

जया


सूर्यमाळ,
११ मे २०२५

देवा,

आईला विहिरीवर सांगितलं. घरात सांगवलं नाही. पाणी तळाला गेलंय. जोडलेला दोर पोचत नव्हता, ती वाकून वाकून बादली हिसडत होती आणि तुला शिव्या देत होती. मी म्हटलं, आई, तो भट्टीवर गेलाच नाही. बोटीवरही नाही. तो वरच आहे, कड्यावर.

तिनं बादली काठावर ठेवली. कुणी सांगितलं, विचारलं नाही. म्हणाली, "ढवळूला हाक मार."

आम्ही तिघं गेलो. गुहेच्या पलीकडच्या अंगाला ती घळ आहे, तिथं लाकडालाही कुणी जात नाही, उतार सरळ तुटलेला. मी डिसेंबरात इकडच्या कातळावर उभी होते. तिकडे वळून बघितलं असतं तर दिसलं असतं. ऐनाच्या झाडाला तुझी पिशवी टांगलेली होती. वानरांनी फाडली होती, तरी बंद शाबूत होता. आत कपडे, आणि फोन. माझा फोन वाजत होता ना तेव्हा, पहिले दोन-तीन दिवस, तो त्या झाडाला वाजत होता. मी घरातून लावायची, आणि आई म्हणायची, वाजतोय का? मी म्हणायची, वाजतोय, उचलत नाही.

घळीच्या काठाला बैल होता. कवटी, पाठीचा कणा आणि वाळलेलं कातडं. शिंगांना दोर बांधलेला. तू बांधतोस तशीच गाठ, दुहेरी. काठ तिथं ढासळलेला होता आणि दोराचं दुसरं टोक खाली दगडात अडकलं होतं. ढवळूकाका उतरले. तुझी एक चप्पल मिळाली. दुसरं काही नाही. त्यांनी सगळी घळ धुंडाळली, आई वरून सांगत होती, तठं बघ, त्या झुडपाखाली बघ. काही नाही.

काकांना कळेना. "अर्धा खाल्लेला बैल कड्यावरून अठं कोण ओढून आणील? आन कशाला?"

मला कळलं. बायनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ताट वाढलंस म्हणून काम नासलं. तर तू जायच्या आधी ताट उचलायला गेलास. दोर घेतलास, पिशवी झाडाला लावलीस, आणि एकटा, उलटा चालत, तो बैल गुहेपासून लांब ओढत नेलास. घळीत लोटला की तरसांना सापडायचा नाही, बायचा अभ्यास सरळ होईल, मग भट्टीची जीप धरायची. काठ मागे होता आणि तू पुढे बघत होतास. एवढंच झालं असेल. त्यानंतर किती वेळ तू खाली जिवंत होतास ते मला माहीत नाही, आणि ते सांगणारी कुठलीही तपासणी नाही. तरसांवर माझा राग नाही. ते मेलेलंच खातात. तुला ते माहीत होतं, तूच मला शिकवलं होतंस.

जानेवारीचे सगळे नमुने चांगले आहेत, देवा. तुझं काम झालं.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. रुपीकडे मीच गेले दाभोशाला. तिनं मला बसायला पाट दिला आणि कामाला लागली, भात कांडत राहिली. निघताना म्हणाली, "मी पाठवलेला त्याला मिलाला का?" मी पानाची पुडी परत दिली. तिनं ती माझ्यादेखत उघडली. गळ्यात घालायचा काळा दोरा होता, मण्याचा. तो तिनं स्वतःच्या हाताला बांधला. बापाला म्हणाली, आता बघा दुसरीकडं, पण पाऊस होऊन जाऊ दे.

दोर आईनं घरी आणला. मला वाटलं जाळेल नाही तर पुरेल. तिनं तो ओढ्याच्या डबक्यात धुतला, दगडावर वाळवला आणि बादलीला बांधला. तळापर्यंत पोचतो. बायका काय म्हणतील, मी म्हटलं. "काय म्हनतील? माझ्या पोराना आनला दोर."

मग तुझा वीर बसवायचं ठरलं. असा अवचित गेलेला माणूस भटकत राहतो, त्याला दगड करून वाघोबाशेजारी बसवावं लागतं, तुला ठाऊक आहे, तू आजोबाचा दगड उचलायला होतास. पण दगडाखाली ठेवायला अंगातलं काहीतरी लागतं. केस, नख, हाड. काका म्हणाले, चप्पल ठेवू. आई म्हणाली, चप्पल म्हणजे माझा पोर नाय.

तेव्हा मी घरात जाऊन कुपी आणली. माठामागे ठेवली होती, ओल्या फडक्यात. बर्फ कधीच वितळला होता.

आईनं ती हातात घेतली, उन्हात धरली.

"हा तं गूच ना?"

"हो."

"आन यात देवा हाय?"

"आहे."

"तू वाचलास?"

"मी वाचला."

तिनं ती गालाला लावली. मग उठून पदर खोचला आणि म्हणाली, चला.

वाघोबापाशी काकांनी खड्डा केला, दगडाला शेंदूर लावला. कुपीचं झाकण घट्ट बसलं होतं. उघडण्याआधी माझा हात आपसूक पिशवीत गेला, हातमोजे काढले, उजवा चढवलाही. इतक्या वर्षांची सवय. नमुन्याला हात लागायचा नाही, लागला तर तो नासतो. आई माझ्याकडे बघत होती.

"काढ ता," म्हणाली. "भाव हाय ना तुझा? तुझ्या हाताला त्याचा कसला इटाळ?"

मी मोजा काढला. झाकण उघडून जेवढं होतं तेवढं उघड्या तळहातावर घेतलं. चिमूटभर होतं, गार. आईनं माझ्या हाताखाली तिचा हात धरला, आणि दोघींनी मिळून तुला खाली ठेवलं. मग काकांनी दगड बसवला.

घरी येऊन सगळ्यांनी हात धुतले, मी अजून धुतलेले नाहीत. हे पत्र त्याच हातानं लिहिते आहे.

तुझी बाय